मटकीतले गणंग

‘मॅडम, त्या शाळेत काही शिकवतच नाहीत,’ हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे की, मूल बालवाडीत किंवा छोट्या शिशुवर्गात असणार, हे मला वय विचारण्याआधीच कळते. मोठ्या मुलांच्या पालकांची तक्रार नेमकी उलटी असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये अशीच एक आई तिच्या साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. त्या मुलीला मी इथे चिऊ म्हणते. ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत.

आईने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. खाकी कव्हर, नावाचे लेबल, आणि आत चार पानांवर रंगीत खडूच्या रेघोट्या. उरलेली वही कोरी होती. ‘जूनपासून एवढंच झालंय,’ असे म्हणून तिने सांगितले की, शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे येतात, इंग्रजी मुळाक्षरे येतात, तो पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवतो. म्हणून चिऊलाही संध्याकाळची शिकवणी लावावी, असा विषय घरात निघाला होता. चिऊला मात्र आदल्या आठवड्यात गृहपाठ होता तो, घरातल्या कोणत्या वस्तू पाण्यावर तरंगतात ते पाहून येण्याचा. ‘याची फी भरायची का आम्ही?’ हा प्रश्न तिने मला विचारला तरी तो मुळात घरात तिलाच विचारला गेला होता, हे तिच्या आवाजावरून जाणवत होते.

आमचे बोलणे चालू असताना चिऊ टेबलावरच्या गार पाण्याच्या बाटलीकडे पाहत होती. तिने बाटलीवरून बोट फिरवले, ओले बोट पाहिले आणि विचारले, ‘हिला घाम का आलाय? ही पळाली का?’

‘हे असं दिवसभर चालतं,’ आई म्हणाली.

अशा वेळी पालकांना धीर देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. ‘शिकत नाही’ या तक्रारीआड कधी कमी ऐकू येणे असते, कधी बोलण्यातला उशीर असतो, आणि ‘होईल हळूहळू’ असे म्हणण्यात हातची महत्त्वाची वर्षे निघून जातात. म्हणून चिऊ पूर्ण वाक्यांत बोलते का, हाक मारल्यावर वळून पाहते का, दोन-तीन सूचना एकापाठोपाठ दिल्या तर त्या लक्षात ठेवते का, इतर मुलांत मिसळून खेळते का, हे सगळे मी आधी पाहून घेतले. काळजी करण्यासारखे काहीही नव्हते.

त्यानंतर मात्र माझी चूक झाली. मी व्याख्यान दिले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरली आहेत, २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सहा वर्षांखालील मुलांच्या परीक्षा घेणे अयोग्य मानले आहे, शिवाय पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेच मनाई आहे, असे एकामागून एक मुद्दे मी मांडत गेले. त्यातला एकही चुकीचा नव्हता. आईने मान डोलावली, वही पिशवीत ठेवली आणि पुढचे तीन आठवडे ती फिरकली नाही. धोरणात काय लिहिले आहे हा तिचा प्रश्नच नव्हता. घरी सासऱ्यांना काय दाखवायचे, हा होता.

ती परत आली तेव्हा तेच सासरे बरोबर होते. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले गुरुजी; बोलणे मोजके आणि शुद्ध. त्यांनी खुर्चीत बसताच विचारले, ‘मुलांनी स्वतः शोधून शिकायचं म्हणता. मग ‘क’ असा काढायचा, हे कोणतं मूल शोधून काढणार आहे?’

हा प्रश्न मला फार आवडला, कारण प्रश्नांतून शिकण्याची भलामण करणारे पुष्कळजण तो टाळतात. मी त्यांना सांगितले की, गुरुजी, कोणतेही मूल ते शोधून काढणार नाही. अक्षराचा आकार, अंकाचे चिन्ह, आठवड्याच्या वारांची नावे या माणसांनी आपसात ठरवलेल्या गोष्टी आहेत आणि त्या सांगाव्याच लागतात. परंतु पाण्यात काय तरंगते, डबके कुठे जाते, पोळी का फुगते, या गोष्टी पाहून, करून आणि चुकून कळण्यासारख्या आहेत. तिथे आपण आधीच उत्तर सांगून टाकले, तर मूल उत्तर घेते आणि पाहणे थांबवते. याविषयी अमेरिकेतील संशोधकांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. एका खेळण्यात चार गमती लपवल्या होत्या. काही मुलांना ‘हे बघा, हे असं वाजतं’ असे शिकवून त्यातली एक गंमत दाखवली, तर काहींसमोर ती जणू चुकून घडली असे भासवले. शिकवलेली मुले बहुतांशी तीच एक गंमत करत राहिली. दुसऱ्या मुलांनी खेळणे उलटेपालटे करून इतर गमतीही अधिक शोधल्या. शिकवल्याने ती एक गोष्ट पक्की होते हे खरेच, पण ‘यात आणखी काही नाही’ असाही संदेश त्याबरोबर जातो.

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ताराबाई मोडकांवर आम्ही ट्रेनिंग कॉलेजात टिपा लिहिल्या. बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र, १९४५. जोडीला अनुताई वाघ. पुढे कोसबाड. शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवायच्या. मार्क चांगले पडले होते.’ स्वतःच्या वर्गात त्यातले किती आले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. एका वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या माणसाला असे प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला सहजासहजी पोचत नाही.

त्या दिवशी मी सल्ला एकच दिला. त्या कोऱ्या वहीत आईने चिऊचे प्रश्न तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहायचे. उत्तर ठाऊक असले तरी लगेच सांगायचे नाही. ‘ते कसं बघता येईल?’ एवढेच विचारायचे. सुरुवातीला मी पालकांना ‘तुला काय वाटतं?’ असे विचारायला सांगत असे, पण ते वाक्य फार वापरले की मुले वैतागतात. चिऊच्या आईनेही ते वापरून पाहिले, तर चिऊने तिला पहिल्याच दिवशी सुनावले होते, ‘मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?’

पंधरा दिवसांनी वही माझ्यासमोर आली, आणि तिची तीन पाने एकट्या मटकीने भरली होती.

आजीने मटकी रात्री भिजत घातली होती आणि सकाळी फडक्यात बांधण्याआधी त्यातले गणंग वेचून ती बाजूला काढत होती. चिऊने विचारले, हे का फुगले नाहीत? आजी म्हणाली, ‘गणंग आहेत ते. कितीही शिजवा, दाताखाली दगडासारखे येतात. टाकून दे.’ पुढचा प्रश्न वहीत असा आहे: ‘गणंग म्हणजे दगड का? मग तो मटकीसारखा का दिसतो?’ आईने ठरल्याप्रमाणे विचारले की, दगड आहे की मटकी, हे कसे बघता येईल? चिऊने वाटीत पाणी घेतले, बारा गणंग मोजून टाकले आणि कुंडीतला एक बारीक खडा आणून त्यांच्याबरोबर ठेवला. खड्याची कल्पना पूर्णपणे तिची होती. सगळे दगडच निघणार, असे तिने जाहीरही करून टाकले.

दुसऱ्या दिवशी तीन दाणे फुगले, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. खडा होता तसाच राहिला. ‘म्हणजे दगड नाहीत. मी चुकले,’ असे तिने आजीला सांगितले, आणि आईने या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, कारण एरवी सापशिडीत हरल्यावर ही मुलगी पट उलटवून देत असे.

उरलेले सात दाणे हलेनात, तेव्हा गुरुजी पुढे आले. ते मूळचे शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी एक दाणा चिऊच्या बोटाला लावून त्याचे टणक, गुळगुळीत साल दाखवले आणि विचारले, ‘पाणी आत कुठून जाणार?’ मग सहाणेवर दाणे हळूच घासायला घेतले. चार घासून झाल्यावर चिऊने त्यांचा हात धरला. ‘सगळे नको घासू. तीन तसेच राहू दे, मग कळेल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी घासलेले चारही टपोरे झाले होते आणि न घासलेले तीन टणकच होते. काही कडधान्यांतल्या थोड्या दाण्यांचे साल पाणी आत शिरू देत नाही आणि ते जरासे खरवडले की दाणा भिजतो, ही वनस्पतिशास्त्रातली माहिती चिऊच्या भाषेत वहीत उतरली होती: ‘त्यांचं स्वेटर घट्ट होतं. आजोबांनी फाडलं, म्हणून पाणी आत गेलं.’

मी आईला तीच पाने पुन्हा वाचायला सांगितली, या वेळी शाळेच्या नजरेने. बारापर्यंत मोजणे, तीन आणि दोन मिळून पाच, उरले सात, हे त्यात होते. पाच दिवस एकाच गोष्टीवर टिकलेले लक्ष होते. पहिल्या पानावरचे प्रश्न ‘हे काय’, ‘ते का’ असे सुटे होते; शेवटच्या पानावर ‘म्हणून’, ‘मग कळेल’ अशी एकाला एक जोडलेली वाक्ये आली होती. तीन दाणे तुलनेसाठी वेगळे ठेवण्याची बुद्धी तर मोठ्या वर्गातल्या मुलांनाही पुष्कळदा शिकवावी लागते. अर्थात हे आपोआप घडले नव्हते. आजीने वाटी ओट्यावर राहू दिली, आईने प्रश्न परतवला आणि आजोबांनी नेमक्या वेळी सहाण आणली. मुलाला नुसते मोकळे सोडून देणे म्हणजे प्रश्नांतून शिकवणे नव्हे. उलट मोठ्यांना त्यात अधिक सावध राहावे लागते. ‘उशिरा फुगणाऱ्या दाण्यांसारखी काही मुलंही असतात, नाही का?’ असे आई मध्येच म्हणाली. ती उपमा मलाही सुचली होती. पण चिऊ मुळातच मागे नव्हती, म्हणून मी ती पुढे नेली नाही.

मटकीच्या तीन पानांनंतरच्या पानावर एक मोठा, वाकडा ‘ग’ होता. आजी आवराआवर करताना वाटी फेकून देईल, या भीतीने चिऊने आजोबांना ‘यावर नाव लिहा’ म्हणून गळ घातली होती. त्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर ‘ग’ लिहून दिला, आणि तिने तो तीनदा गिरवून वाटीला चिकटवला. ‘पस्तीस वर्षं ग गणपतीचा शिकवला,’ गुरुजी म्हणाले, ‘आमच्याकडे आता ग गणंगाचा आहे.’ त्यानंतर डब्यांवर ‘म’ आणि ‘त’ आले. संध्याकाळच्या शिकवणीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही, असे आईने सांगितले.

निघताना तिने मला हळूच विचारले की, वाटीतल्या पाण्याला आता वास यायला लागला आहे, तर ती फेकून दिली तर चालेल का? चिऊ दारात चपला घालत होती, तरी तिने ते ऐकले.

‘वास कुठून येतो?’ तिने विचारले, आणि आईने पिशवीतून पुन्हा वही काढली.