तक्ते बाजूला ठेव, आधी हिशेब मांड

एफ-३५ भारी की राफेल, या दोन लढाऊ विमानांबद्दल तू विचारलंस. नवखे सगळे इथूनच सुरुवात करतात, मीही केली होती. पण वेग, पल्ला, रडार यांचे तक्ते पाठ करून फारसं काही हाती लागत नाही.

आधी एक गणित कर. शाहेद-१३६ या लक्ष्यावर आदळून फुटणाऱ्या इराणी ड्रोनची किंमत साधारण २० ते ५० हजार डॉलर धरतात. ते पाडायला पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण प्रणालीचं पॅक-३ एमएसई क्षेपणास्त्र सोडलं, तर सुमारे ४० लाख डॉलर उडाले. म्हणून लगेच पॅट्रियटला मोडीत काढू नकोस हं! क्षेपणास्त्राची किंमत ड्रोनशी नाही, ते ड्रोन ज्या वीजकेंद्रावर पडणार होतं त्याच्याशी तोलायची. खरी अडचण साठ्याची आहे. अशी क्षेपणास्त्रं वर्षाला काही शेच तयार होतात. म्हणूनच युक्रेननं ड्रोनसाठी जुन्या गेपार्ड विमानविरोधी तोफा कामाला लावल्या.

मग एफ-११७ या रडारला सहज न दिसणाऱ्या अमेरिकी विमानाचा किस्सा वाच. २७ मार्च १९९९ ला सर्बियात हे 'अदृश्य' विमान एस-१२५ या सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्रानं पाडलं, म्हणजे १९६१ पासून सेवेत असलेल्या प्रणालीनं! चालवणारे पक्के होते: रडार काही सेकंदच सुरू ठेवायचे, जागा बदलत राहायचे. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

आणि देखभालीवरचं कंटाळवाणं वाचन टाळू नकोस. २००८ मध्ये ग्वाम या पॅसिफिकमधल्या अमेरिकी बेटावर उड्डाण घेतानाच बी-२ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान कोसळलं, सुमारे १.४ अब्ज डॉलरचं. शत्रू कुणीच नव्हता, सेन्सरमध्ये ओलावा शिरला होता.