चिनी-अमेरिकन घरांतील अपेक्षा कन्फ्यूशियसकडून येतात का?

आपण विचारले आहे की चिनी-अमेरिकन कुटुंबांत मुलांकडून एवढ्या अपेक्षा का ठेवल्या जातात, त्यामागे प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचा संस्कार आहे का, आणि अशा घरात वाढलेली मुले स्वतःला चिनी मानतात की अमेरिकन. माझे सासर सॅन फ्रान्सिस्कोचे चिनी-अमेरिकन आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करते. मात्र एका घरावरून एवढ्या मोठ्या समाजाविषयी अनुमान काढताना आपण सबुरी बाळगावी.

कन्फ्यूशियसचे नाव घेतले की उत्तर फार लवकर संपते. चीनमधील सरकारी अधिकारी निवडण्याची, कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांवर आधारलेली जुनी परीक्षापद्धती १९०५ साली बंद झाली आणि तरीही परीक्षेची प्रतिष्ठा लोकांच्या मनात टिकली, हे खरे आहे. परंतु अमेरिकेतील एखाद्या चिनी घरात नेमकी कोणती अपेक्षा ठेवली जाते, हे माझ्या मते त्या कुटुंबाला अमेरिकेने कोणत्या साली आणि कोणत्या वाटेने आत येऊ दिले, यावर अधिक अवलंबून असते. आमच्या घरात अशा दोन वाटा एकत्र आल्या आहेत.

सासऱ्यांचे घराणे मूळ ग्वांगडोंग प्रांतातील तैशान भागातले. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली होती. व्यापारी, विद्यार्थी, अमेरिकेत जन्मलेले नागरिक अशा मोजक्याच लोकांना वाट मोकळी होती. १९०६च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म इथलाच असल्याचे सांगून नागरिकत्व मिळवले आणि पुढे चीनला जाऊन आल्यावर दर वेळी तिकडे मुलगा झाल्याची नोंद केली. यांतली पुष्कळ मुले प्रत्यक्षात नव्हतीच. ती जागा दुसऱ्याच्या मुलाला विकली जाई. अशा मुलांना ‘कागदी मुलगे’ म्हणत, आणि माझे आजेसासरे त्यांच्यापैकी एक होते. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावरील स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यात अधिकारी अशा मुलांची उलटतपासणी करीत: घराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कुठे, शेजारी कोण राहतो. उत्तरे आधीच पाठ करून, कागद जहाजावरून समुद्रात टाकून यावे लागे. १९५६ पासून सरकारने खरी ओळख कबूल करण्याची योजना राबवली, पण एकाच्या कबुलीत सगळे नातेवाईक अडकत, म्हणून आमच्या घरातून कोणी पुढे आले नाही. आजही आमचे आडनाव दुसऱ्याच कुटुंबाचे आहे. आजेसासऱ्यांच्या थडग्यावर इंग्रजीत ते कागदी आडनाव आणि चिनी अक्षरांत खरे नाव कोरलेले आहे. शहराच्या दक्षिणेकडील कोल्मा गावच्या दफनभूमीत अशी आणखीही थडगी दिसतात.

अशा घरात मुलाकडून पहिल्या क्रमांकाची अपेक्षा नव्हती. डोळ्यांत येऊ नये, घरचे बाहेर बोलू नये, पगार आईच्या हाती द्यावा आणि जमल्यास सरकारी नोकरी धरावी, एवढेच मागणे होते. सासऱ्यांनी पाणीपुरवठा खात्यात निवृत्तीपर्यंत काम केले आणि याविषयी कधी खंत बोलून दाखवली नाही.

सासूबाईंचे निराळे. चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली तेव्हा, १९४९ साली, त्यांचे आईवडील जमीनजुमला मागे टाकून तैवानला आले. जमीन जाते, चलन बुडते, शिक्षण तेवढे कोणी हिरावून घेत नाही, हा त्या घराने अनुभवाने घेतलेला धडा होता. तैवानमध्ये १९५४ पासून विद्यापीठप्रवेशाची एकत्रित परीक्षा दर जुलैमध्ये होत असे. सासूबाई तीत चमकल्या, पुढे अमेरिकेतील विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि नातेवाइकांबरोबरच कुशल लोकांनाही प्राधान्य देणाऱ्या १९६५च्या कायद्यामुळे त्यांना इथे कायम राहता आले. परीक्षेने आयुष्य बदलते, हे त्यांना कोणा ऋषीने सांगावे लागले नाही. या कायद्यातील कुशल लोकांच्या वाटेने मुळात परीक्षेतून तावून सुलाखून निघालेली माणसेच निवडून आणली, आणि त्यांच्या मुलांचे गुण पाहून लोक म्हणू लागले की चिनी संस्कृतीच अशी आहे. मला हा युक्तिवाद उफराटा वाटतो. चायनाटाऊनमधील शिवणकारखान्यांत आणि उपाहारगृहांत राबणाऱ्या पालकांचाही शिक्षणावर विश्वास असतो, पण त्यांच्या घरी अपेक्षेबरोबर पियानोचे धडे येत नाहीत.

माझ्या नवऱ्याने वैद्यकीय शिक्षण नाकारून इतिहास विषय घेतला, तेव्हा दोघांनीही विरोध केला. सासूबाईंना पोटापाण्याची चिंता होती. सासऱ्यांचे म्हणणे वेगळे होते: इतिहासाचा अभ्यास करणारा मुलगा आज ना उद्या जुने कागद उपसणार, आणि त्यांत आपलेही कागद असणार. बाहेरच्या माणसाला या दोन्ही गोष्टी ‘कडक चिनी पालक’ या एकाच सदरात मोडणाऱ्या वाटतील.

आता चिनी की अमेरिकन, हा प्रश्न. तो जुना आहे. १९३६ साली न्यूयॉर्कमधील एका चिनी-अमेरिकन मंडळाने तरुणांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती आणि विषयच असा होता की माझे भवितव्य चीनमध्ये आहे की अमेरिकेत. त्या काळी इथे जन्मलेल्या चिनी पदवीधरांनाही चिनी वस्तीबाहेर नोकरी मिळणे दुरापास्त होते, आणि स्थलांतरित चिनी माणसाला नागरिकत्व घेण्याचा हक्क मिळायला १९४३ साल उजाडावे लागले. तेव्हाही साऱ्या जगातून वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना प्रवेश ठरवला गेला. माझ्या नवऱ्यापुढे तसा पेच नाही. तो स्वतःला निःशंकपणे अमेरिकन म्हणतो. अडचण येते ती ‘चिनी’ म्हणजे कोणते चिनी, हे ठरवताना. सासरे तैशानी आणि कँटोनीज बोलतात, सासूबाई मँडरिन, आणि दोघांना एकमेकांची बोली नीट कळत नसल्याने संसार इंग्रजीत झाला.

मुलीला शनिवारच्या चिनी शाळेत घालायचे ठरले तेव्हा हा गुंता पुन्हा वर आला. तैवानी लोकांनी चालवलेल्या शाळेत जुनी, पूर्ण अक्षरे शिकवतात. चीनहून अलीकडे आलेल्या पालकांच्या शाळेत सोपी केलेली अक्षरे असतात. आणि तैशानी शिकवणारी शाळा तर आम्हाला कुठे सापडली नाही. सासूबाईंना सोपी अक्षरे मान्य नव्हती, नवऱ्याला तीच उपयोगी वाटत होती, आणि सासरे म्हणाले की पोरीला शनिवारी झोपू द्या. शेवटी सासूबाईंची शाळा ठरली, कारण मुलीला नेण्या-आणण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले.