अट कुठे लागली?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एमएस्सीचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि पुढे शुद्ध गणितात जावं की उपयोजित गणितात, हे आत्ताच ठरवलं पाहिजे असं तुला वाटतंय. घरचे डेटा सायन्सचं नाव घेतात, वर्गातल्या मुली म्हणतात अल्जिब्रा घेऊन पोट भरत नाही, आणि तुझं स्वतःचं मन रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये रमतं. मला विचारशील तर हा निर्णय दोन वर्षं लांबणीवर टाक. त्याआधी एक सवय अंगी बाणव, जी दोन्हीकडे सारखीच लागते: कुठलंही प्रमेय वाचलं की त्यातली प्रत्येक अट सिद्धतेच्या कुठल्या ओळीत वापरली गेली, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

बंद (म्हणजे दोन्ही टोकं धरून) आणि मर्यादित अंतरालावर कंटिन्युअस असलेलं फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, म्हणजे क्षच्या दोन किमतींतलं अंतर किती लहान ठेवलं की फलनातला फरक लहान राहील, याचं एकच माप (डेल्टा) सगळ्या अंतरालाला पुरतं. ही सिद्धता तू परीक्षेत लिहिलीस, गुणही मिळवलेस. आता त्यातला ‘बंद’ हा शब्द खोड. ० आणि १ ही टोकं वगळून मधलं अंतराल घे आणि फलन घे १/क्ष. क्षच्या दोन किमती १/१० आणि १/११: त्यांच्यातलं अंतर १/११०, फलनाच्या किमतींतला फरक १. आता १/१०० आणि १/१०१ घे. अंतर १/१०१०० एवढंच, फरक पुन्हा १. शून्याकडे कितीही सरकलीस तरी तो फरक एकावरून हलत नाही. मग तुझ्या सिद्धतेतली कुठली ओळ कोसळली? प्रत्येक बिंदूपाशी एकेक डेल्टा काढून ‘या सगळ्या डेल्टांमधला सर्वांत लहान घेऊ’ असं तू लिहिलं होतंस, ती. डेल्टा मोजके होते तोवर सर्वांत लहान डेल्टा शून्याहून मोठा होता. ते मोजके राहतील याची हमी अंतराल बंद आणि मर्यादित असण्यातून येणारा कॉम्पॅक्टनेस हा गुण देत होता, आणि तोच आता उरला नाही. हे एकदा हाताने केलंस की कॉम्पॅक्टनेसची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

उपयोजित गणितात अटी ढिल्या असतात, तिथे ‘चालतं का’ एवढंच बघतात, असा एक समज आपल्या वर्गांमध्ये पसरलेला आहे. तो काढून टाकायला मी तुला मुंबईच्या प्लेगचं उदाहरण देतो. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या रोगांवरचा शोधनिबंध रॉयल सोसायटीत प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. कोविडच्या काळात ज्या एसआयआर मॉडेलचं (लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन गट करणारं) नाव आपण रोज ऐकत होतो, ते या निबंधातून आलेलं आहे. आणि त्यात पडताळ्यासाठी घेतलेले आकडे आपल्या मुंबईचे आहेत: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने झालेले दर आठवड्याचे मृत्यू.

आठवड्याच्या मृत्यूंसाठी त्यांनी बसवलेलं सूत्र असं: ८९० गुणिले हायपरबोलिक सेकंट या फलनाचा वर्ग (कंस शून्य असताना तो १ असतो, दोन्ही बाजूंना उतरत जातो), आणि त्या सेकंटच्या कंसात ०.२ट − ३.४. इथे ट म्हणजे आठवडे. ट १७ झाला की कंस शून्य होतो, म्हणजे शिखर एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यूंचं. आलेखावर आकड्यांचे ठिपके आणि हा वक्र एकमेकांना इतके चिकटून जातात की बघणाऱ्याला वाटावं, झालं, रोगाचा नियम सापडला.

आता कागद-पेन्सिल घेऊन बस. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलंस तर एकूण मृत्यू येतात ८९००. त्या वेळच्या मुंबईची वस्ती जवळपास दहा लाख. शिखरापर्यंत निम्मे, म्हणजे ४४५० गेले, वस्तीच्या ०.४४५ टक्के. मॉडेल सांगतं की लागण होऊ शकतील अशी माणसं कमी होत जातात म्हणून साथ उतरते, आणि शिखरावर एक रोगी सरासरी नेमक्या एकालाच लागण देतो. सगळं शहर लागण होण्याजोगं धरलं, तर सुरुवातीला एक रोगी सरासरी १.००४५ लोकांना लागण देत असणार. पण वक्राच्या सुरुवातीचा भाग दर आठवड्याला जवळजवळ दीडपट वाढतो. प्रत्येक पिढीला १.००४५ या दराने दीडपटीला पोचायला आठवड्यात ९० पिढ्या व्हाव्या लागतात. म्हणजे एका रोग्यापासून पुढच्या रोग्यापर्यंतचा काळ दोन तासांहूनही कमी! प्लेगचा रोगी कित्येक दिवस आजारी असतो. तेव्हा एक तर शहराचा अगदी लहान भागच लागण होण्याजोगा होता, किंवा साथ उतरण्याचं कारण मॉडेलमध्ये नसलेलंच काहीतरी होतं.

कारण उंदरांत आणि पिसवांत होतं. हा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला जात नव्हता, उंदरांच्या साथीची सावली माणसांवर पडत होती. आणि १८९६ पासून तो मुंबईत वर्षामागून वर्ष ठरावीक मोसमात चढत होता, उन्हाळा वाढला की उतरत होता. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये हे सविस्तर मांडलं. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी, की उंदरांचा मुद्दा त्यांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवला होता आणि या वक्रावरून स्थिरांकांच्या खऱ्या किमती काढू नयेत असं बजावलंही होतं. पुढच्या पाठ्यपुस्तकांतून वक्र राहिला, इशारा गळाला. तू उद्या मॉडेलिंगमध्ये गेलीस तर ‘आर-स्क्वेअर (वक्र आकड्यांना किती जुळतो याचं माप) चांगला आला’ एवढ्यावर कधी थांबू नकोस. ठिपके जुळले तरी मागची गृहीतकं खोटी असू शकतात, आणि त्या गृहीतकांवर कुणीतरी उद्या दवाखाने उघडायचे की बंद करायचे ते ठरवणार असतं.

शुद्ध गणितात एकेका अटीमागे माणसांची आयुष्यं गेलेली आहेत. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांचं नाव तुला पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानमुळे माहीत आहे, ते त्यांनी १९७६ मध्ये सुरू केलं. त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता सिंग्युलॅरिटी सोडवण्याचा: बहुपदी समीकरणांनी बनलेल्या आकृतीत जिथे टोक येतं किंवा ती स्वतःलाच छेदते, तिथे ती गुळगुळीत करता येते का? कॅरॅक्टरिस्टिक शून्य असताना (म्हणजे नेहमीच्या संख्यांसारखं, जिथे १ मध्ये १ मिळवत गेलं तरी शून्य कधी येत नाही) हिरोनाकांनी १९६४ मध्ये सगळ्या मितींसाठी उत्तर दिलं. कॅरॅक्टरिस्टिक पी असताना (जिथे पी या मूळसंख्येइतके १ मिळवले की शून्य येतं) अभ्यंकरांनी १९५६ मध्ये पृष्ठांसाठी, म्हणजे दोन मितींसाठी केलं, आणि १९६६ मध्ये तीन मितींसाठी, पण पी ५ पेक्षा मोठा हवा या अटीवर. उरले फक्त २, ३ आणि ५. या तीन मूळसंख्यांसाठी कोसार आणि पिल्तां यांचं काम यायला २००८-०९ साल उजाडलं. कॅरॅक्टरिस्टिक पी असताना चार आणि त्यापुढच्या मिती आजही खुल्या आहेत. ‘पी ५ पेक्षा मोठा’ ही ओळ वाचताना पुष्कळ जण पुढे सरकतात. तू थांब, आणि ५ ला काय बिघडतं ते विचार.

सध्याच्या संशोधनात या सवयीला नव्याने महत्त्व आलंय, कारण आता सिद्धता यंत्राकडून तपासून घेता येतात. लीन नावाच्या प्रणालीत प्रत्येक पायरी तिच्या भाषेत लिहावी लागते, आणि एक अट जरी हातची सुटली तरी ती पुढे जाऊ देत नाही. गणितज्ञ पीटर शोल्झे यांनी डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचंच एक अवघड प्रमेय तपासायला दिलं, ते काम जुलै २०२२ मध्ये पुरं झालं. २०२३ मध्ये टेरेन्स टाओ आपला एक लेख लीनमध्ये उतरवत होते. तेव्हा लक्षात आलं की एका असमानतेतल्या राशीला एन = ३, के = २ असताना अर्थच उरत नाही. लहान किमती वेगळ्या हाताळून ते लगेच दुरुस्त झालं. पण बघ, इतक्या मोठ्या गणितज्ञाच्या लेखातही निसटली ती एवढीशी अटच. आता एआयकडून पानंच्या पानं सिद्धता मिळू लागली आहे आणि ती वाचायला सफाईदार असते. ती खरी आहे का हे ओळखायला तुला ती ओळ शोधता आली पाहिजे जिथे अट लागायला हवी होती आणि लागलेली नाही.

याच टाओंनी कँडेस आणि रोमबर्ग यांच्याबरोबर २००६ च्या सुमारास हे सिद्ध केलं की एखादी प्रतिमा योग्य मांडणीत विरळ असेल, म्हणजे तिच्यातले बहुतेक सहगुणक शून्य असतील, तर अगदी थोड्या मोजमापांवरून ती जशीच्या तशी परत मिळवता येते. त्या गणिताने एमआरआयचा वेळ कमी केला. मशीनमध्ये निश्चल पडून राहू न शकणाऱ्या लहान मुलासाठी ही केवढी गोष्ट आहे! पण विरळपणाची अट मोडली की ती हमीही गेली. आता हे शुद्ध की उपयोजित, तूच सांग.

शिकवण्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘नेट-सेट झालं की कुठेतरी लेक्चररशिप मिळेल’. ती वाचून मला वाईट वाटलं. शिकवणं ही संशोधन जमलं नाही तर धरायची वाट आहे, असं कृपा करून समजू नकोस. एफवायच्या वर्गात मी फळ्यावर (क्ष+१)/(क्ष+२) लिहून क्ष शून्याकडे जाताना सीमा विचारतो. अर्धा वर्ग लोपितालचा नियम (शून्य भागिले शून्य येत असेल तर वरच्या आणि खालच्या राशीचं डेरिव्हेटिव्ह घेऊन भागायचं) लावून १ सांगतो. क्षच्या जागी शून्य घालून बघितलं तर उत्तर उघड १/२ आहे. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, शून्य भागिले शून्य नसताना हा नियम दर वेळी चुकतोच का? का कधी चुकून बरोबरही येतो?” तो तास आम्ही सगळा त्यातच घालवला, आणि पोर्शन मागे पडला तरी मला त्याची खंत नाही. त्या मुलाने अटीला हात घातला होता.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या शोधली ती अशाच खेळातून. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायचं. ३५२४ घे: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे तेच ते. सगळे अंक सारखे नसावेत, एवढीच अट. शाळेतल्या मुलांना हे दिलंस तर तिथेच थांबू नकोस, दोन अंकी संख्या घ्यायला सांग. तिथे असा स्थिरांक सापडत नाही, ८१, ६३, २७, ४५, ०९ असं चक्र फिरत राहतं. ‘चार का?’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

आता व्यवहाराचं. नेट, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा, एनबीएचएम या राष्ट्रीय गणित मंडळाची शिष्यवृत्ती, सगळ्यांचे अर्ज भर, फॉर्मची तारीख चुकवू नकोस. पण या उन्हाळ्यात जमलं तर एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिराला जा. कुमरेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम आहे. तिथे शिक्षक उत्तर देत नाहीत, तुलाच फळ्यापाशी उभं करतात आणि ‘का’ विचारत राहतात. पहिले काही दिवस फार जड जातात. रडू आलं तरी परत येऊ नकोस. कोडिंग शिक, पायथन तरी यायलाच हवं, आणि अ‍ॅनालिसिस आवडतं म्हणून प्रॉबेबिलिटी टाळू नकोस. घरच्यांशी भांडू नकोस. त्यांची काळजी पैशाची आहे आणि ती खरी आहे. पीएचडीला फेलोशिप मिळते आणि ती कितीची असते, हे त्यांना नीट आकड्यांत सांग. ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अर्ज भरलास की कळव, शिफारसपत्र मी लगेच लिहितो. आणि प्लेगचा तो हिशेब स्वतः करून पाठव: मी मृत्यू आणि लागण एकच धरली आहे, रोगातून बरे झालेले मोजलेच नाहीत. त्यांना धरलंस तर दोन तासांचा आकडा किती बदलतो?

तुझे
सर