शिलेदार कोण आणि बारगीर कोण?

'फ्रीलान्सर'ला मराठीत 'शिलेदार' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. म्हणावं की! पण आधी त्या शब्दाचे रोजचे हाल थांबवा. 'साहेबांचे विश्वासू शिलेदार' ऐकून कान किटले. निष्ठेचा इथे संबंध काय? अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फारसी 'दार' जोडला. शस्त्रागाराला शिलेखाना म्हणत ते त्यावरूनच. संस्कृत 'शील' धुंडाळणाऱ्यांनी उगी राहावं. स्वतःचा घोडा, स्वतःचा भाला घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर. म्हणजे साहेबांच्याच गाडीतून फिरणारे हे सगळे बारगीर झाले!

इंग्रजी शब्दातही भालाच आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या 'आयव्हॅन्हो'त 'फ्री लान्स' येतात ते भाडोत्री भालाईत. आपल्या परिभाषाकारांनी 'मुक्त पत्रकार' करताना 'मुक्त' तेवढं उचललं, भाला टाकून दिला.

पण खरी मौज 'असामी'त आहे. इंग्रजांनी हिंदी घोडदळात शिलेदारी चालू ठेवली. भरती होताना स्वार घोडा आणी, नाहीतर त्याची रक्कम भरी. त्याच्या त्या जागेला म्हणत असामी, आणि ती चक्क विकता येई. अरबी 'इस्म' म्हणजे नाव, त्याच्या अनेकवचनातून आली असामी. नावावरून जागा, जागेवरून माणूस! काहींच्या पदरी अनेक असाम्या असत, त्यांच्या घोड्यांवर बारगीर बसत. 'बडी असामी' म्हणतात ती हीच, असा माझा जुना हट्ट आहे. एक स्नेही महसुली कागदांतली असामी, म्हणजे कूळ, पुढे करतात. अहो, कुळाला 'बडी' कोण म्हणेल?

पहिल्या महायुद्धात ही व्यवस्था मोडली. परमुलखात घोडा मेला तर स्वाराने दुसरा आणावा कुठून? आणि मशीनगन, काटेरी तारा यांच्यापुढे भाला घेऊन जावं तरी कुठे? युद्धानंतरच्या पुनर्रचनेत हिंदी घोडदळाच्या ३९ रेजिमेंटच्या २१ झाल्या, शिलेदारी बुडाली. १९२७ साली ब्रिटिश सैन्याने भालाही संचलनापुरता ठेवला.

हां, तो फ्रीलान्सर. लॅपटॉप स्वतःचा असेल तर खुशाल शिलेदार म्हणा. कंपनीने दिलेला असेल तर बारगीर.