नायजेरियात जमिनीतून तेल निघतं, तरी पेट्रोल महागलं की गरीबच का भरडला जातो?

कारण तिथे पेट्रोल नुसतं गाडीत जात नाही. विजेचा भरवसा नाही, म्हणून शिंप्याचं मशीन नि सलूनमधला पंखाही छोट्या जनरेटरवर चालतो. २९ मे २०२३ ला शपथ घेतानाच अध्यक्ष टिनुबू यांनी पेट्रोलवरचं सरकारी अनुदान संपल्याचं जाहीर केलं. २०० नायराच्या (नायरा म्हणजे तिथलं चलन) आत मिळणारं लिटरभर पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास गेलं. लागोस शहरातल्या पिवळ्या डान्फो बसचं भाडं वाढलं, उत्तरेकडून ट्रकने येणारा टोमॅटोही महागला. किमान वेतन मात्र जुलै २०२४ पर्यंत महिना ३०,००० नायरावरच होतं. सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं जवळपास बंद पडलेल्या होत्या, त्यामुळे तेव्हा कच्चं तेल विकून पेट्रोल बाहेरून आणावं लागायचं. अनुदान तिजोरीला पेलवत नव्हतं, हे मान्य. पण हातावर पोट असलेल्यांचं उत्पन्न आणि बससेवा आधी सावरायला हवी होती.