भटकी मांजरी घरात आणली, पण सहा दिवस पलंगाखालून बाहेरच येत नाही. परत खाली सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मालाडला चौथ्या मजल्यावर वन-बीएचके, घरात तुम्ही दोघंच. सोसायटीच्या आवारातली साधारण वर्षभराची मांजरी भर पावसात मागचा पाय फाटलेला अशी सापडली. डॉक्टरांनी टाके घातले आणि तुम्ही तिला घरी आणलंत. दिवसभर ती पलंगाखाली असते, रात्री दोनला दारापाशी ओरडते, तुळशीच्या कुंडीत घाण करते आणि हात पुढे केला की फिस्कारते. याआधी मात्र हीच मांजरी जिन्यात तुमच्या पायात घोटाळायची.

नका सोडू. टाके असताना तर मुळीच नको, आणि सहा दिवसांवरून काही ठरवूही नका. पायात घोटाळणारं मांजर माणसाला ओळखतं. तिला भीती वाटतेय ती घराची. आवारात कुठल्या गाडीखाली कोरडं राहतं, कुत्रं आलं की कुठल्या भिंतीवर चढायचं, हे तिला पाठ होतं. तुमचं चारशे-पाचशे चौरस फुटांचं घर आपल्याला लहान वाटतं, पण तिला आज ते फार मोठं आहे. म्हणून आधी घर लहान करा, मग एकेक खोली वाढवत न्या. बाकी सगळं यातूनच निघतं.

तिला बेडरूम द्या. हॉलमध्ये दाराची बेल, टीव्ही, मिक्सरचा आवाज, येणारे-जाणारे. तुम्ही रात्री बेडरूममध्येच झोपत असाल तर उलट चांगलंच. झोपलेला माणूस मांजराला सगळ्यात कमी धोक्याचा वाटतो, आणि तुमच्या अंगाच्या वासाची तिला सवय होते.

पलंगाखालची जागा बंद करायची, पण ती आत असताना नाही, आणि दुसरी लपायची जागा दिल्याशिवाय तर अजिबात नाही. हात दीड हात लांबीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. त्याला दोन बाजूंना वीतभर व्यासाची दोन भोकं पाडा. एकच तोंड असलं की खोका तिला पिंजरा वाटतो. आत ज्या टॉवेलात गुंडाळून तिला आणलंत तोच घाला, न धुता, कारण या घरात तिच्या स्वतःच्या वासाची तेवढी एकच वस्तू आहे. वरून चादर टाका. ती खोक्यात रमली की पलंगाच्या कडेला उशा, सुटकेस वगैरे लावून खालची जागा बुजवा. पलंगाखाली असताना ना तिची जखम दिसते ना औषध देता येतं.

खाणं एका भिंतीला, शी-शूचा ट्रे समोरच्या भिंतीला, पाणी दोन्हींपासून लांब. ट्रेशेजारी वाटी ठेवली तर कित्येक मांजरं दोहोंपैकी एक सोडून देतात.

तुळशीच्या कुंडीचं म्हणाल तर ते चांगलं लक्षण आहे. मोकळी माती उकरून त्यात करायचं आणि झाकायचं, हे तिला येतं. तिला फक्त जागा बदलून द्यायची आहे. ट्रे दुकानातलाच हवा असं नाही. ४५ ते ५० सेंमी लांबीचा प्लास्टिकचा टब चालतो. एक बाजू सात-आठ सेंमीपर्यंत कापून घ्या, दुखरा पाय उचलावा लागणार नाही. टाके निघेपर्यंत, म्हणजे सहसा १० ते १४ दिवस, बेंटोनाइट मातीचं गोळे धरणारं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायचे दाणे, वापरू नका, ते जखमेला चिकटतं. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या घाला आणि त्यावर त्याच कुंडीतली चिमूटभर माती, फक्त वासापुरती. टाके निघाल्यावर तीन भाग कोरडी माती आणि एक भाग लिटर, चार-पाच दिवसांनी निम्मं-निम्मं, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण लिटर. थर पाच-सहा सेंमीचा. कुंडीत सापडलेला तिचाच एक गोळा पहिल्या दिवशी ट्रेमध्ये टाका. कुंड्यांत मातीवर मोठे गोटे पसरा.

इथे हमखास चुकतं ते असं. ट्रे फिनाइलने धुतला जातो. फिनाइलसारखी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात, ओल्या लादीवरून चालून पंजे चाटले तरी पोटात जातं, आणि वासाने ते ट्रेकडे फिरकत नाही ते वेगळंच. साधा साबण आणि गरम पाणी पुरे. लादी पुसणाऱ्या मावशींनाही त्या खोलीपुरतं हे सांगून ठेवा. दुसरी चूक म्हणजे सुवासिक लिटर. तिसरी, ट्रे दिवसातून एकदाच साफ करणं. सकाळ-संध्याकाळ झाऱ्याने गोळे काढा. पावसाळ्यात लिटर हवेतलं पाणी शोषतं आणि गोळा धरत नाही, म्हणून पिशवी उघडी ठेवू नका, झाकणाच्या डब्यात भरा. लादीवर शू झाली तर आधी कागदाने टिपून घ्या, मग शूचा वास मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. नुसत्या साबणाने आपल्याला वास येत नाही, तिला येतो, आणि ती पुन्हा तिथेच जाते.

ती ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसते पण शू होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मूत्रमार्ग तुंबणं, विशेषतः बोक्यात, एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

आता खाणं, कारण विश्वास तिथूनच येतो. तीन-साडेतीन किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण ४५ ते ५० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. ओलं देत असाल तर तेवढं कोरडं कमी करा. तीन वेळा विभागून द्या आणि अर्ध्या तासाने वाटी उचला. दिवसभर भरलेली वाटी ठेवली तर ती रात्री गुपचूप खाईल आणि तुमच्या हातात काहीच उरणार नाही. मीठ न घातलेलं उकडलेलं चिकन आमिष म्हणून उत्तम. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, ते तिच्या रक्तपेशी मोडतात. दूध-पोळीवर मांजर जगतं हा आपल्याकडचा जुना समज आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि मांसाशिवाय त्यांना टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य मिळत नाही. सुकट, सुके बोंबील तिला प्रचंड आवडतील, पण त्यात मीठ फार असतं, रोज नको. चोवीस तास तोंडात काहीच घेतलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि मग त्याची भूकच मरते.

वाटी खोक्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि तुम्ही दोन मीटरवर जमिनीवर बसा. तिच्याकडे कूस करून, मोबाइल बघत, हळू आवाजात काहीतरी बोलत. तिच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. मग ती कशी येते ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहा. आधी डोकं, मग पुढचे दोन पाय. मागचे पाय खोक्यातच, मान रबरासारखी ताणलेली, कान बाजूला वळलेले, एक घास घेतला की डोकं वर. हे खाणं पळायच्या तयारीतलं आहे, या दिवशी जराही पुढे सरकू नका. एक दिवस ती चारही पाय बाहेर आणेल, मागचा भाग जमिनीला टेकेल, शेपूट पायांभोवती गुंडाळून घेईल आणि डोकं न उचलता चार-पाच घास खाईल. दुसऱ्या दिवशी वाटी वीतभर तुमच्याकडे. एका दिवसात वीतभरच. घाईने दोन हात पुढे सरकलात की चार दिवस मागे जाता.

तिने चुकून तुमच्याकडे पाहिलं तर डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. तिने तसंच केलं तर बरं चाललंय. वाटी तुमच्या गुडघ्यापाशी आली की तर्जनी तिच्या नाकाच्या उंचीवर धरा, डोक्यावरून हात कधीच नाही. ती हुंगेल. गाल घासला तर गालावर दोन-तीन सेकंद खाजवा आणि आपणहून थांबा. आणखी हवं असेल तर ती परत गाल पुढे करेल. शेपटीचं टोक फटफटलं किंवा पाठीची कातडी थरथरली, तर त्या दिवशीचं संपलं.

फिस्कारण्याला घाबरू नका आणि त्यावरून ओरडूही नका. नख मारायच्या आधी ती तुम्हाला सांगतेय, ही तिची भलमनसाईच आहे. फिस्कारल्यावर पाणी मारलं की मांजर सांगणं बंद करतं आणि थेट चावतं. चावलं किंवा रक्त येईपर्यंत ओरबाडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा. पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते. यात हळद लावून थांबणं नको.

रात्रीच्या ओरडण्याची दोन कारणं संभवतात. नसबंदी झाली असेल तर सहसा कानाचं टोक कापलेलं किंवा कानाला खाच असते. ते नसेल आणि ती लादीवर लोळत, मागचा भाग वर करून, खोल आवाजात दिवसाही ओरडत असेल, तर ती माजावर आली आहे. हे साधारण आठवडाभर चालतं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतं. यावर नसबंदी हाच उपाय, जखम भरल्यावर कधी करायची ते डॉक्टर सांगतील. तसं काही नसेल तर मग ही जुनी सवय. आवारातली वर्दळ थांबली की तिचा दिवस सुरू व्हायचा. साडेदहाला दहा मिनिटं खेळ, लगेच दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण, मग दिवा बंद. टाके असेतो उड्या मारायला लावू नका, सुतळी जमिनीवरून सरपटवा, आणि खेळ झाला की ती कपाटात ठेवा. गिळलेला दोरा आतडं कापतो. ओरडली तरी उठू नका. तीन रात्री धीर धरून चौथ्या रात्री उठलात, तर तिसऱ्या रात्रीपेक्षा जास्त ओरडायचं असतं एवढंच ती शिकते.

औषधांबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पाय दुखतोय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका, मांजर मरतं. पिसवांसाठी कुत्र्यांचं परमेथ्रिन असलेलं औषध लावू नका, त्यानेही मरतं. मांजरांसाठीचे थेंब वजनानुसार डॉक्टरांकडूनच घ्या. टाके काढायला जाल तेव्हा जंताचं औषध (पुढचा डोस कधी तेही विचारा), लसी आणि एफआयव्ही-एफईएलव्ही या मांजरांतल्या दोन विषाणूंची तपासणी एकदमच विचारून घ्या. अंगावर गोल टक्कल दिसलं तर तो नायटा असू शकतो, पावसाळ्यात तो फार पसरतो आणि तुम्हालाही होतो. खासगी खर्च झेपत नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात.

आणि खिडक्या. मुंबईत घरातल्या मांजराला खरा धोका हाच. मांजर पायांवरच पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हे खरं नाही. चौथ्या मजल्यावरून पडलं की जबडा, छाती, पाय फुटतात. ज्या फटीतून तिचं डोकं जातं तिथून ती अख्खी जाते, तेव्हा नुसतं ग्रिल म्हणजे काहीच नाही. कबुतरांची नायलॉन जाळी ती नखांनी आणि दातांनी विसविशीत करते, आणि कडेला गाठ सुटली की तिथेच घुसते. स्टेनलेस स्टीलची, एक इंचाहून लहान भोकांची जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्क्रूने बसवून घ्या. मच्छरजाळीचा सरकता पल्ला मांजर पंजाने उघडतं, त्याला खटका लावा. जाळीवाला येईपर्यंत बेडरूमची खिडकी बंद, पंखा चालू. मुख्य दाराची सवय अशी: बेल वाजली की आधी बेडरूमचं दार, मग बाहेरचं.

ती तुमच्यासमोर निवांत खाते, सलग पाच दिवस ट्रेमध्येच जाते आणि शेपूट वर करून खोलीत फिरते, हे तिन्ही जमलं की संध्याकाळी अर्धा तास हॉल उघडा. बेडरूमचं दार उघडंच राहू द्या, तिला पळून परत जाता आलं पाहिजे. चार-पाच दिवसांनी वेळ वाढवा, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. हॉलमध्ये सोफ्याच्या आधी नख्यांची सोय करा: तीन फुटी फळीला सुंभ घट्ट गुंडाळून भिंतीला पक्की टेकवा. हलणारी फळी ती एकदा वापरते, पुन्हा नाही. गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके सुरू झाले की ती पुन्हा खोक्यात जाईल. तेवढे दिवस घर पुन्हा एका खोलीचं करा.

काही मांजरं घरात राहत नाहीत, हेही खरं. पहिल्या दोन महिन्यांत ज्याला माणसाचा हातच लागला नाही असं मोठं मांजर महिन्याभरानेही फक्त अंधारात खातं आणि खिडकीवर धडका देतं. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याच आवारात, त्याच कोपऱ्यात सोडावं आणि तिथे खाऊ घालावं. दुसऱ्या वस्तीत किंवा आरेच्या जंगलात नेऊन सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. तुमची मांजरी त्यातली वाटत नाही. खोका आज रात्रीच ठेवा, आणि जाळीवाल्याला उद्या सकाळी फोन करा.