कुंपणावर आपोआप उगवलेली हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल गुळवेल आहे का?

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ही गुळवेल वाटत नाही. हा करांदा आहे, म्हणजे जमिनीखाली आणि पानांच्या बगलेतही कंद धरणारी वेल. आणि शेजारच्या काकूंनी गुळवेल समजून सुचवलेला या वेलीचा काढा कृपा करून अजिबात घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की घर चिपळूणजवळ आहे, पहिल्या पावसानंतर कुंपणालगत जाडसर कोंब आला, ऑगस्ट संपेपर्यंत वेल शेवग्यावरून गच्चीपर्यंत पोचली, पानं तळहाताहून मोठी आहेत आणि काही पानांच्या बगलेत मटाराएवढे तपकिरी गोळे धरलेत. या शेवटच्या वाक्यावरच उत्तर ठरतं. पानाच्या बगलेत असा गोळा गुळवेलीला कधीच येत नाही. गुळवेलीची फळं घोसाने लागतात, वाटाण्याएवढी असतात आणि पिकली की लालभडक होतात. तुमच्या वेलीवरचे गोळे ही फळंच नव्हेत, ते वेलीवर हवेत धरणारे कंद आहेत. दिवाळीपर्यंत ते लिंबाएवढे, कधी बटाट्याएवढे होतील, मग आपोआप गळून पडतील आणि पुढच्या जूनला जिथे पडले तिथेच रुजतील.

तरी खात्री करून घ्या. एक पान तोडून उजेडासमोर धरा. करांद्याच्या पानात देठापासून सात ते अकरा ठळक शिरा निघतात, कमानीसारख्या वळतात आणि मधल्या शिरा थेट टोकापर्यंत जातात. दोन शिरांच्या मध्ये आडव्या बारीक शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळीने असतात, त्यामुळे पान वरून फुगीर चौकटी पाडल्यासारखं दिसतं. गुळवेलीचं पान पातळ आणि सपाट. त्याच्याही शिरा देठापासूनच पसरतात, पण पुढे फाटे फुटून त्यांचं जाळं होतं.

मग खोड बघा. माझ्या मते गुळवेल पानापेक्षा खोडावरून ओळखावी, कारण हृदयाच्या आकाराचं पान डझनभर वेलींना असतं. जुन्या गुळवेलीच्या खोडावर कागदासारखी पातळ, राखाडी-पिवळसर साल असते. नखाने खरवडली की सोलून येते आणि खाली हिरवागार थर दिसतो. बोटाएवढं जाड खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. उंचावरून दोऱ्यासारखी लांब हवाई मुळं खाली लोंबत असतात. तुमच्या वेलीचं खोड यंदाचंच, गुळगुळीत, हिरवं किंवा जांभळट असणार. ते गोल असेल आणि पानं एकाआड एक असतील तर करांदा नक्की. खोड चौकोनी असेल, कडांना पातळ पंख असतील आणि पानं बरीचशी समोरासमोर असतील तर ते कोनफळ.

ऋतूही सांगतो. करांद्याची वेल थंडीत पिवळी पडते आणि जमिनीपर्यंत वाळून जाते, खाली फक्त कंद उरतो. गुळवेल उन्हाळ्यात पानं टाकते पण खोड वर्षानुवर्षं तसंच राहतं. जूनमध्ये जमिनीतून निघून तीन महिन्यांत गच्ची गाठणं हे करांद्याचंच काम, भर पावसात ही वेल दिवसाला वीतभरसुद्धा वाढते.

बाकी शक्यता झटकन काढून टाकता येतात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर गारवेलीच्या जातीतलं काहीतरी असेल. देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत, पाठीवर जुळला असेल तर पहाडवेल.

आता काढ्याविषयी, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. रानटी करांद्याच्या कंदात डायोस्बल्बिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि ती यकृताला इजा करतात. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले आणि दिसेल ती हृदयाच्या पानाची वेल लोक उकळू लागले. गुळवेलीच्याच कुळातली, तिच्यासारखीच दिसणारी आणखी एक जात आहे. तिच्या राखाडी खोडावर ठळक गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. त्या जातीपासून सावध राहा, असं आयुष मंत्रालयाला फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर सांगावं लागलं. तुमची वेल तर गुळवेलीच्या कुळातलीही नाही. काकूंचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, त्यांना पानाच्या शिरा आणि तो गोळा दाखवा, त्यांनाही पटेल.

मग तुम्ही विचाराल, करांदे तर आपण खातो! खातो, आणि आवडीने खातो. दिवाळीच्या सुमारास कोकणातल्या बाजारात पाटीत करांदे येतात. मीठ घालून उकडायचे, साल काढायची, गरम गरम खायचे, किंचित कडसर चव मागे राहते तीच मला आवडते. पण ते परसात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणाचे असतात. रानातल्या वाणाचा कडूपणा नुसत्या उकडण्याने जात नाही, रानात राहणारी माणसं ते कंद राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा शिजवून, पाणी बदलत मगच खातात. तुमचा करांदा पक्ष्याने-माकडाने आणला की जुन्या मालकाने लावला होता, हे नुसत्या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून गावातल्या, ही वेल स्वतः लावणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला गोळा दाखवल्याशिवाय शिजवू नका, आणि कच्चा तर कुठलाच करांदा खाऊ नये.

वेल ठेवायची असेल तर शेवग्यावरून उतरवून तारेच्या मांडवावर घ्या, नाहीतर शेवगा झाकून जाईल. नको असेल तर वेल ओढून काढण्यात अर्थ नाही, खालचा कंद खणून काढा आणि गळालेले गोळे दिवाळीनंतर वेचून घ्या. एक जरी राहिला तरी पुढच्या वर्षी तिथे वेल. अमेरिकेत फ्लोरिडात 1905 मध्ये हीच वेल अभ्यासासाठी नेली होती, ती असे गोळे टाकत टाकत तिथल्या रानांत इतकी माजली की तिची पानं खाणारा भुंगा आशियातून नेऊन सोडावा लागला. आपल्याकडे ती इथलीच आहे, तिला खाणारे किडेही इथलेच, त्यामुळे एवढी भीती नाही.

गुळवेल हवीच असेल तर ओळखीच्या ठिकाणच्या, खात्रीच्या जुन्या वेलीची बोटभर जाडीची वीतभर कांडी आणा आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी लावा. पावसाळ्यात ती सहज धरते.